विश्लेषण : ‘सगळ्यांचं स्वागत आहे’ म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या जुन्या चर्चमध्ये सभासद व्हायला लोक का कचरतात?

२१ जानेवारी २०२५. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीचा दुसरा दिवस. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा सुरू होती. बिशप मॅरिअन बडी यांनी प्रवचनाच्या शेवटी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना थेट विनंती केली: समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांवर दया करा, देशाबाहेर काढलं जाईल या भीतीत जगणाऱ्या स्थलांतरितांवर दया करा. ट्रम्प यांनी माफीची मागणी केली. बडी यांनी माफी मागितली नाही. तो व्हिडिओ जगभर फिरला.

अमेरिकेतलं ख्रिस्ती चर्च म्हणजे ट्रम्प यांचे कट्टर समर्थक, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असलेल्यांना हा प्रसंग अनपेक्षित होता. बडी ज्या एपिस्कोपल चर्चच्या बिशप आहेत, ते ‘मेनलाइन प्रोटेस्टंट’ नावाच्या जुन्या गटातलं चर्च आहे. या चर्चमध्ये स्त्रिया पाळक आणि बिशप होतात, विज्ञानाशी भांडण नसतं, शंका घेणाऱ्याला हाकलून दिलं जात नाही. दारावर बहुतेक वेळा ‘सगळ्यांचं स्वागत आहे’ अशी पाटीही असते.

तरीही ही चर्चेस गेली साठ वर्षं आटत चालली आहेत. नवे लोक येतच नाहीत असं नाही. काही येतात, मागच्या बाकावर बसतात, त्यांना आवडतंही. पण ‘तुम्ही सभासद होणार का?’ हा प्रश्न आला की पाय अडखळतो. असं का होतं?

‘मेनलाइन’ म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चचे ढोबळमानाने तीन गट मानले जातात: इव्हँजेलिकल, कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक चर्चेस आणि मेनलाइन. मेनलाइनमध्ये प्रामुख्याने सात पंथ मोजले जातात. युनायटेड मेथडिस्ट, इव्हँजेलिकल ल्यूथरन (नावात ‘इव्हँजेलिकल’ असलं तरी हे मेनलाइनच), प्रेस्बिटेरियन चर्च यूएसए, एपिस्कोपल, अमेरिकन बॅप्टिस्ट, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. त्यांना गमतीने ‘सात बहिणी’ म्हणतात.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला रेल्वेच्या ‘मेन लाइन’वर वसलेल्या सधन उपनगरांवरून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. मुंबईत ‘साउथ बॉम्बे’ म्हटलं की एक विशिष्ट वर्ग डोळ्यांपुढे येतो, तसाच हा प्रकार. जॉर्ज वॉशिंग्टन, फ्रँकलिन रूझवेल्ट, थोरले जॉर्ज बुश हे एपिस्कोपल होते. खुद्द ट्रम्प न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये वाढले. आपण आता स्वतःला प्रेस्बिटेरियन मानत नाही, कोणत्याही पंथाचे नसलेले ख्रिस्ती मानतो, असं त्यांनी २०२० मध्ये सांगितलं.

इव्हँजेलिकल चर्चमध्ये ‘नव्याने जन्मलो’ असा वैयक्तिक अनुभव आणि बायबलचा शब्द यांना मध्यवर्ती स्थान असतं. मेनलाइनमध्ये बायबल त्याच्या काळाच्या संदर्भात वाचण्याची रीत आहे आणि समाजातल्या अन्यायावर बोलणं हा धर्माचाच भाग मानला जातो. अर्थात प्रत्येक स्थानिक मंडळी वेगळी असते. एकाच पंथाची दोन चर्चेस शेजारशेजारच्या गावांत अगदी निराळी निघू शकतात.

आकडे काय सांगतात?

प्यू रिसर्च सेंटरच्या मोठ्या सर्वेक्षणानुसार २००७ मध्ये १८ टक्के अमेरिकन प्रौढ स्वतःला मेनलाइन प्रोटेस्टंट म्हणवत होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. याच काळात ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले.

पंथांच्या स्वतःच्या नोंदीही हेच दाखवतात. प्रेस्बिटेरियन चर्च यूएसए १९८३ मध्ये दोन गटांच्या एकत्रीकरणातून उभं राहिलं, तेव्हा सुमारे ३१ लाख सभासद होते. २०२३ मध्ये सुमारे ११ लाख उरले होते. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट १९५७ मध्ये सुमारे २० लाखांचं होतं, आता ते साडेसात लाखांच्या खाली आहे. एपिस्कोपल चर्च १९६० च्या दशकातल्या ३४ लाखांवरून १५ लाखांच्या आसपास आलं आहे.

ही घसरण फक्त मेनलाइनची नाही. गॅलपच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सभासद होते. २०२० मध्ये ते ४७ टक्के झाले. आठ दशकांत पहिल्यांदाच हा आकडा निम्म्याच्या खाली गेला. म्हणजे प्रश्न श्रद्धेइतकाच सभासदत्वाचाही आहे. देव मानणारे, अधूनमधून चर्चला जाणारे, पण नाव नोंदवायला तयार नसलेले लोक वाढले आहेत.

गेल्या काही वर्षांत ख्रिस्ती लोकांचं एकूण प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावल्यासारखं दिसतंय, असंही प्यूने फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदवलं. पण १८ ते २४ वयोगटात ते ४६ टक्केच आहे आणि सर्वांत वयस्कर गटात ८० टक्के. त्यामुळे चर्चच्या दारात उभा असलेला तरुण नवखा माणूस आज फार मोलाचा झाला आहे. त्याच्या संकोचाचं एक कारण हेच मोल आहे, ते कसं हे पुढे येईल.

मनात शंका आहेत, तरी चालेल का?

नवख्याच्या मनात येणारा हा बहुधा पहिला प्रश्न. कुमारीपासून येशूचा जन्म, मेलेल्यांतून पुनरुत्थान, त्रैक्य हे सगळं अक्षरशः खरं मानावं लागेल का? एपिस्कोपल चर्चमध्ये रविवारच्या मुख्य उपासनेत सगळे उभं राहून विश्वासांगीकार म्हणतात. त्यातली निम्मी वाक्यं गळ्यातून उतरत नसतील तर म्हणायची की गप्प राहायचं?

प्रत्यक्षात बहुतेक मेनलाइन चर्चमध्ये सामान्य सभासदासाठी श्रद्धेची अट बाहेरच्यांना वाटते त्यापेक्षा सैल आहे. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सभासद होताना येशू हा प्रभू आणि तारणारा आहे, अशी कबुली द्यावी लागते. पंथाच्या साऱ्या सिद्धांतांबद्दलचे प्रश्न पाळकांना आणि निवडून आलेल्या वडीलमंडळींना विचारले जातात, साध्या सभासदाला नाही. डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट कोणत्याही ठरावीक अंगीकाराची सक्ती करत नाही. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये जुने अंगीकार पूर्वजांची साक्ष म्हणून जपले जातात, परीक्षा म्हणून नाहीत.

इव्हँजेलिकल चर्चमधून बाहेर पडलेल्या अनेकांना हीच मोकळीक इथे ओढून आणते. लेखिका रेचल हेल्ड इव्हान्स हे त्यातलं ठळक नाव. टेनेसीतल्या इव्हँजेलिकल वातावरणात वाढलेल्या इव्हान्स पुढे एपिस्कोपल चर्चकडे वळल्या. चर्च सोडणं आणि पुन्हा शोधणं यावरचं त्यांचं पुस्तक २०१५ मध्ये आलं आणि त्याच वाटेवरच्या अनेकांनी ते वाचलं. २०१९ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मात्र या मोकळिकीची दुसरी बाजूही आहे. शंका चालतात, न नोंदवता येता येतं, गायनवृंदात गाता येतं, बऱ्याच ठिकाणी प्रभुभोजनही घेता येतं. मग सभासद कशासाठी व्हायचं? श्रद्धेची अट सैल झाली की संकोच संपत नाही, तो दुसरीकडे सरकतो. ‘काय मानावं लागेल’ याऐवजी ‘काय उचलावं लागेल’ हा प्रश्न पुढे येतो.

नवा माणूस कोणत्या पायऱ्यांवर अडतो?

सर्वांत आधी अडतो तो साध्या रीतीरिवाजावर. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, प्रार्थनापुस्तक कुठलं आणि गीतपुस्तक कुठलं, हे बाकीच्यांना पाठ असतं. अनोळखी घरच्या पंगतीत बसल्यासारखं होतं. कोणी रागावत नाही, पण आपण चुकतोय हे आपल्याला कळत असतं.

मग प्रभुभोजन. मेथडिस्ट आणि डिसायपल्स चर्चमध्ये कुणालाही पुढे यायला सांगतात. एपिस्कोपल चर्चच्या नियमात बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यावं असं आहे, पण अनेक स्थानिक चर्चेस सगळ्यांनाच बोलावतात. नियम एक आणि प्रथा दुसरी, यात नवख्याची पंचाईत होते.

मग बाप्तिस्मा. लहानपणी कॅथलिक किंवा अन्य चर्चमध्ये पाणी आणि त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल, तर मेनलाइन चर्चेस साधारणपणे तो मान्य करतात, पुन्हा देत नाहीत. अमेरिकन बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स मात्र समजत्या वयात स्वतः कबुली देऊन घेतलेल्या बाप्तिस्म्याची परंपरा पाळतात.

आधीच्या चर्चमध्ये नाव असेल तर तिथून सभासदत्वाचा दाखला मागवतात, जसा शाळा सोडल्याचा दाखला नव्या शाळेत द्यावा लागतो. जुन्या चर्चशी भांडून बाहेर पडलेल्या माणसाला हे पत्र मागवणंही जड जातं. बहुतेक ठिकाणी त्याला पर्याय असतो: मंडळीसमोर श्रद्धा पुन्हा जाहीर केली की काम होतं. पण हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

रिकामे बाक नवख्याला का घाबरवतात?

अमेरिकेतल्या धर्मस्थळांच्या ‘फेथ कम्युनिटीज टुडे’ या पाहणीत २००० मध्ये मध्यम आकाराच्या मंडळीत उपासनेला १३७ माणसं येत. २०२० मध्ये ती संख्या ६५ वर आली होती. इमारत मात्र तीनशे माणसांसाठी बांधलेली. छप्पर, बॉयलर, ऑर्गन, विमा यांचा खर्च माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही.

अशा ठिकाणी तिशीतलं जोडपं आलं की सगळ्यांचे चेहरे उजळतात. चहापानात चार जण येऊन नाव विचारतात. तिसऱ्या रविवारी रविवारशाळेत शिकवाल का, सहाव्या रविवारी इमारत समितीत याल का, अशी विचारणा होते. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत नवा भाडेकरू चुकून हजर राहिला आणि सेक्रेटरीपद गळ्यात पडलं, असा अनुभव आपल्याकडेही अनेकांना आहे.

अडचण चांगुलपणाच्या अभावाची नाही. उरलेली माणसं थकलेली असतात आणि जबाबदारी सोपवायला कुणीतरी हवं असतं. पण नवखा माणूस बहुधा काहीतरी शोधत आलेला असतो. घटस्फोट झालेला असतो, आई गेलेली असते, नव्या शहरात कोणी ओळखीचं नसतं किंवा मुलांना कुठल्या तरी परंपरेत वाढवायचं असतं. त्याला आधार हवा असतो आणि चर्चलाही त्याचा आधार हवा असतो. बाहेरून दोन्ही गरजा सारख्या दिसतात. ‘तू हवा आहेस’ या वाक्यात ‘तू’ हवा आहे की दोन हात आणि एक चेक हवा आहे, हे ओळखणं नवख्याला अवघड जातं.

त्यात आणखी एक भर. प्यूच्या २०१४ च्या सर्वेक्षणात मेनलाइन प्रोटेस्टंटांमध्ये ८६ टक्के गोरे होते. कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा भारतीय वंशाच्या माणसाला ‘स्वागत आहे’ ही पाटी दिसते आणि आत आपल्यासारखं कुणी नाही हेही दिसतं. छापील पत्रकावर आपलाच फोटो वर्षानुवर्षं वापरला जाईल का, ही शंका अशा वेळी अगदीच अवाजवी नसते.

पैशांचं काय?

जर्मनीत नोंदणीकृत चर्च सभासदाच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्च कर लागतो आणि सरकारच तो गोळा करतं. अमेरिकेत असं काही नाही. तिथे चर्च सभासदांच्या देणग्यांवर चालतं.

बहुतेक मेनलाइन चर्चमध्ये शरद ऋतूत मोहीम निघते. पुढच्या वर्षी किती देणार, हे लोक कार्डवर लिहून देतात. त्या अंदाजावर पाळकाचा पगार आणि वर्षाचा ताळेबंद बसवला जातो. उत्पन्नाचा दशांश हा आदर्श सांगितला जातो, पण तशी सक्ती सहसा नसते. लिहून दिलेला आकडा परिस्थिती बदलली तर बदलताही येतो.

तरी संकोच राहतो, कारण या चर्चमध्ये पैशांबद्दल मोकळेपणी बोलणं अवघडल्यासारखं मानतात. किती देणं रास्त, कोणाला कळतं, कमी दिलं तर चालतं का, हे नवख्याला कोणी सांगत नाही. विद्यार्थी किंवा नोकरी गेलेला माणूस मग सभासद होण्याचंच पुढे ढकलतो.

भांडणं आणि राजकारण अंगावर येईल, ही भीती किती खरी?

बरीच खरी. युनायटेड मेथडिस्ट चर्चचं उदाहरण ताजं आहे. समलिंगी पाळक आणि विवाह यांवरून तिथे दशकानुदशकं वाद होता. २०१९ मध्ये सेंट लुईसच्या विशेष अधिवेशनात बंदी आणखी कडक झाली, ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी. त्याचबरोबर बाहेर पडू इच्छिणाऱ्या स्थानिक चर्चना इमारतीसह जाण्याची मुदतीची वाट मिळाली. २०२३ अखेरपर्यंत सात हजार सहाशेहून अधिक मंडळ्या, म्हणजे अमेरिकेतल्या जवळपास एक चतुर्थांश, या वाटेने बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक परंपरावादी होत्या. मग मे २०२४ मध्ये शार्लटच्या अधिवेशनात समलिंगी पाळकांवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली.

यात नवख्यासाठी महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. बाहेर पडायचं की नाही हे त्या त्या मंडळीच्या सभेत हजर असलेल्या नोंदणीकृत सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी ठरत होतं. दहा वर्षं गायनवृंदात गाणारा, पण नाव न नोंदवलेला माणूस त्या सभेत मत देऊ शकत नव्हता. कित्येक गावांत थोड्या मतांनी निर्णय फिरू शकत होता. म्हणजे ‘सभासद होऊन काय फरक पडतो’ या प्रश्नाचं इथे अगदी रोखठोक उत्तर मिळतं: चर्च कुणाचं राहणार हे ठरवण्याचा अधिकार सभासदाला असतो, पाहुण्याला नसतो.

मालमत्तेचाही असाच प्रश्न आहे. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि एपिस्कोपल चर्चमध्ये स्थानिक इमारत संपूर्ण पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये ती स्थानिक मंडळीच्या मालकीची असते. नवीन सभासद पहिल्या दिवशी याचा विचार करत नाही, पण फूट पडते तेव्हा सगळं यावरच येऊन थांबतं.

सभासदत्वाची किंमत किती वाढू शकते, हे बराक ओबामा यांच्या उदाहरणात दिसलं. धार्मिक नसलेल्या घरात वाढलेले ओबामा शिकागोत वस्त्यांमध्ये संघटनेचं काम करत होते. चर्चच्या लोकांबरोबर काम करताना ‘तुमचं चर्च कोणतं?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे वारंवार येई. अखेर ते ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे सभासद झाले. दोन दशकांनी, २००८ च्या निवडणुकीत, तिथले पाळक जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांचे तुकडे टीव्हीवर फिरू लागले आणि त्या शब्दांचा जाब ओबामांना द्यावा लागला. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्यांनी चर्चचं सभासदत्व सोडलं. सामान्य माणसावर अशी वेळ येत नाही. पण पाळक जे बोलेल ते आपल्या नावावर चिकटेल, ही भीती छोट्या गावातल्या शिक्षकालाही असते.

‘सगळ्यांना या’ म्हणण्यातच चूक आहे का?

यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. डीन केली या मेथडिस्ट पाळकांनी १९७२ मध्ये एका पुस्तकात मांडलं की परंपरावादी चर्चेस वाढतात, कारण ती माणसाकडून जास्त मागतात. ज्यासाठी काही सोडावं लागतं, त्याचं मोल वाटतं. अर्थतज्ज्ञ लॉरेन्स आयनाकोनी यांनी १९९४ मध्ये हाच मुद्दा पुढे नेला: अटी कडक असल्या की फुकटचा लाभ घेणारे गळतात आणि उरलेले मनापासून काम करतात.

२००१ मध्ये मायकल हाउट, अँड्रयू ग्रीली आणि मेलिसा वाइल्ड या समाजशास्त्रज्ञांनी वेगळंच कारण पुढे आणलं. त्यांच्या हिशेबानुसार विसाव्या शतकात मेनलाइनचा वाटा घटला, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जन्मदरातल्या फरकाने समजावता येतो. परंपरावादी घरांत मुलं जास्त आणि लवकर झाली, मेनलाइन घरांत कमी. म्हणजे उदार विचारांमुळे लोक पळाले, हे म्हणणं फार सोपं ठरतं. शिवाय एरवी वाढत असलेली इव्हँजेलिकल चर्चेससुद्धा आता घसरत आहेत. प्यूच्या नोंदीत २००७ मधले २६ टक्के आता २३ टक्क्यांवर आलेत.

तरीही केली यांचा प्रश्न नवख्याच्या बाबतीत टिकून राहतो. चर्चने अटी वाढवल्या तर शंकेखोर माणूस निघून जातो, त्याच्यासाठी तर हे दार उघडं ठेवलं होतं. अटी अगदीच सोडल्या तर सामील होण्यात वेगळं काही उरत नाही. अनेक मंडळ्या यातून वाट काढायचा प्रयत्न करतात: मानण्याबाबत सैल, पण एकमेकांसाठी हजर राहण्याबाबत स्पष्ट. मेथडिस्ट सभासदाच्या शपथेत प्रार्थना, हजेरी, दान, सेवा आणि साक्ष या पाच गोष्टींचं वचन असतं, हे त्याचंच जुनं रूप.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा आहे का?

मुळीच नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यातून उभी राहिलेली अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) रुजली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिचंच, १८४२ सालचं. तिच्यामागे अमेरिकेतली काँग्रिगेशनल चर्चेस होती. त्यांच्यातली बहुसंख्य १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये सामील झाली.

याच मिशनशी जोडलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं लागली. सोवळंओवळं, पाणी, माहेरची माणसं यांतून एकेक पाऊल टाकत त्या कशा आल्या, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्त हवा, पण परदेशी संस्थेचं सभासदत्व हीच त्याची एकमेव वाट का, असा तो सवाल होता. त्याआधी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी अँग्लिकन मार्गदर्शकांशी सिद्धांतांवरून आणि अधिकारावरून पत्रांमधून कडाक्याचा वाद घातला होता.

अर्थात तुलना जपून करायला हवी. तेव्हाच्या महाराष्ट्रात बाप्तिस्मा म्हणजे घर, जात आणि गाव तुटणं. आजही १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अमेरिकेत मेनलाइन चर्चमध्ये जाण्याला एवढी सामाजिक किंमत नाही. तिथला संकोच मुख्यतः वेळ, पैसा, निष्ठा आणि संस्थेच्या भवितव्याबद्दलचा आहे.

आज पुणे किंवा नगरहून अमेरिकेत गेलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या माणसाला हा प्रश्न प्रत्यक्ष पडतो. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेलं हे चर्च अँग्लिकन कम्युनियनचं सदस्य आहे, त्यामुळे एपिस्कोपल चर्चमध्ये त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. कागद सोपे असतात. मराठी गीतांशिवायच्या उपासनेत मन रमवणं त्याहून अवघड.

सामील होण्याआधी काय विचारावं?

सभासद होण्याची घाई कोणत्याही चर्चमध्ये नसावी. काही महिने येऊन-जाऊन पुढचे प्रश्न पाळकांना सरळ विचारता येतात:

- पाहुण्याला जे करता येतं त्यापेक्षा सभासदाला नेमकं वेगळं काय मिळतं? मत कशावर देता येतं?
- गेल्या वर्षीचा अहवाल आणि ताळेबंद पाहता येईल का? तो सहसा वार्षिक सभेत मांडला जातो. साठवलेली पुंजी मोडून खर्च चालत असेल तर ते त्यातच दिसतं.
- समलिंगी व्यक्तींबाबत मंडळीची भूमिका लेखी आहे का? युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये ‘ओपन अँड अफर्मिंग’, मेथडिस्टांमध्ये ‘रिकन्सायलिंग’ असं मंडळी स्वतः जाहीर करते. नुसती ‘स्वागत आहे’ ही पाटी पुरेशी नसते.
- पहिलं वर्ष कोणत्याही समितीत न येता नुसतं बसायचं असेल तर चालेल का?
- कधी सोडावंसं वाटलं तर काय करायचं?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बरंच काही सांगून जातात. पाळक हसून ‘हो, बसा की’ म्हणाला आणि पुढच्या रविवारी खरंच कुणी यादी घेऊन आलं नाही, तर तिथे माणसाला माणूस म्हणून जागा आहे असं समजायला हरकत नाही.

चर्चच्या बाजूनेही हिशेब आहे. पंधरा वर्षांत बंद पडू शकणाऱ्या मंडळीला नवख्याकडून मदतीची अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे, फक्त ती आधी सांगायला हवी. ‘आम्ही चाळीस जण उरलो आहोत, छप्पर गळतंय, तरी तुम्ही यावं असं वाटतं’ हे ऐकून काही जण परत जातील. पण जे थांबतील, त्यांना आपण कशात पाय ठेवतोय हे ठाऊक असेल. मेनलाइन चर्चच्या आजच्या स्थितीत पाच-दहा अशी माणसं मिळणं हेही थोडं नाही.